गोकुळधामात अब्दुल राहत नाही

रात्रीचे साडेआठ वाजत आलेले असतात. मुंबईहून सुटलेल्या लोकलगाड्या पनवेल स्थानकात येऊन रिकाम्या होत असतात, चाकरमानी मंडळी भाजीची पिशवी सावरीत घराकडे वळलेली असतात, आणि जुन्या गावातल्या आळ्यांपासून नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली येथील इमारतींपर्यंत कितीतरी घरांतून एकाच मालिकेचे सूर कानी पडू लागतात. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही हिंदी विनोदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिने चार हजार भागांचा टप्पा गाठला. ज्या मुलांनी ती पहिलीत असताना प्रथम पाहिली, ती मुले आज पदवी घेऊन नोकरीच्या शोधात हिंडत आहेत. मराठीतही ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने ती येऊन गेली. कित्येक कुटुंबांत जेवणाचे ताट आणि ही मालिका यांची सांगड आता सुटणे कठीण आहे.

एवढा दीर्घकाळ आणि एवढ्या घरांत जी करमणूक चालते, तिच्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. सुशिक्षितांनी तिची हेटाळणी करावी आणि इतरांनी ती पाहावी (अर्थात हेटाळणी करणारेही ती पाहतातच), यापलीकडे तिची चर्चा सहसा जात नाही. परंतु एखादा समाज रोज संध्याकाळी कोणाला हसतो, कोणाबरोबर हसतो आणि कोणाला हसण्याच्या वर्तुळात मुळी घेतच नाही, हे पाहिले तर त्या समाजाविषयी बरेच काही कळते. जनगणनेच्या कोष्टकांतून ते कळेलच असे नाही.

मालिकेचे कथानक गोरेगावच्या गोकुळधाम नावाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत घडते. मूळ लेखन तारक मेहता यांचे. गुजराती ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून त्यांचे विनोदी सदर प्रसिद्ध होत असे. दूरचित्रवाणीवर येताना त्या गुजराती जगाचा विस्तार झाला आणि गोकुळधाम हा ‘लघुभारत’ बनला. तेथे विजेच्या उपकरणांचे दुकान चालविणारा कच्छी जेठालाल आहे, शिकवण्या घेणारा मराठी आत्माराम तुकाराम भिडे आहे, तमिळ शास्त्रज्ञ अय्यर आणि त्याची बंगाली पत्नी बबिता आहे, गॅरेजवाला शीख सोढी आणि त्याची पारशी पत्नी रोशन आहे, भोपाळचा अविवाहित पत्रकार पोपटलाल आहे. होळी, गणपती, नवरात्र, दिवाळी सर्व मिळून साजरे करतात. भांडतात, समेट करतात आणि शेवटी अंगणात गोळा होतात. या चित्राचा गोडवा खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. महानगरात शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या माणसाला असे अंगण हवेहवेसे वाटणारच.

या अंगणाला एक फाटक आहे, आणि फाटकाबाहेर अब्दुलचे दुकान आहे. संध्याकाळी गोकुळधामचे पुरुष तेथे सोडा प्यायला जमतात, सुखदुःखे सांगतात, अब्दुल हसतमुखाने ऐकतो. सोसायटीवर संकट आले की धावून येणाऱ्यांत तो पहिला. सणासमारंभाला त्याला सन्मानाने बोलाविले जाते. पण तो गोकुळधामचा रहिवासी नाही. लघुभारतात देशाच्या सर्वांत मोठ्या अल्पसंख्य समाजाचे एकही बिऱ्हाड नाही. त्या समाजाचा प्रतिनिधी आहे, तो दुकानापुरता. ही गोष्ट अनेक प्रेक्षकांच्या पूर्वीच ध्यानात आली असून तीविषयी लेखांतून आणि गप्पांतून वेळोवेळी बोलले गेले आहे. मुस्लिम प्रेक्षक ही मालिका आवडीने पाहतात, आणि पाहता पाहता ही खूणगाठही मनाशी बांधतात. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ती सांगावी लागते, सांगितली की ते क्षणभर थबकतात, आणि मग “अरे, खरंच की!” म्हणतात. ज्याला ते आपणहून दिसते आणि ज्याला ते सांगावे लागते, त्या दोन प्रेक्षकांमधील अंतर हाच येथे विचार करण्याजोगा भाग आहे.

अब्दुल एकटाच बाहेर आहे असेही नाही. महाराष्ट्रात आडनावावरून पुष्कळ गोष्टी ओळखण्याची जी सवय जडलेली आहे, तिला अनुसरून गोकुळधामच्या जिन्याखालची नावांची पाटी वाचावी. गडा, भिडे, अय्यर, मेहता, सोढी, हाथी. त्या पाटीवर कांबळे नाही, गायकवाड नाही, म्हात्रे नाही, घरत नाही. ईशान्येकडील राज्यांचा कोणी नाही, आदिवासी कोणी नाही. २०२५ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनंतर, गोकुळधामात नवे बिऱ्हाड आले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. ते राजस्थानातील साड्यांच्या व्यापाऱ्याचे होते. सतरा वर्षांनी एक जागा भरली गेली आणि तीही पुन्हा एका व्यापारी कुटुंबाने.

मराठी प्रेक्षकाने या मालिकेवर मनापासून हरकत घेतल्याचा एक प्रसंग घडून गेला आहे. मार्च २०२० मध्ये एका भागात जेठालालच्या वडिलांच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी असल्याचे वाक्य आले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने तीव्र आक्षेप घेतला, समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली, आणि निर्माते असित कुमार मोदी यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तो आक्षेप रास्तच होता. ज्या शहरासाठी १०५ माणसांनी प्राण दिले त्या शहराच्या भाषेविषयी कोणी सहज जाता जाता असे बोलावे, हे मराठी मनाला लागणे स्वाभाविक आहे. हिंदी चित्रपटांनी मराठी माणसाला कित्येक वर्षे हवालदार, मोलकरीण आणि गुंड या तीन भूमिकांत कोंडून ठेवले, ही तक्रारही जुनी आणि खरी आहे. भिडे मास्तरांची काटकसर, त्यांचे शिकवणीच्या फीचे हिशेब, माधवीवहिनींचा लोणचे-पापडाचा धंदा या गोष्टींना हसताना मराठी शिक्षकाच्या मनात एक बारीक सल असतोच, की शेजारी लाखोंची उलाढाल करतो आणि आपला माणूस मात्र पापडांवर महिनाअखेर गाठतो.

म्हणजे पडद्यावर आपल्याला चुकीचे किंवा अपुरे दाखविले की काय वाटते, हे मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. त्याला त्याचा चांगला अनुभव आहे. तरीही त्याच मराठी माणसाला अब्दुलचा पत्ता विचारावासा वाटत नाही.

यावर मालिकावाल्यांच्या वतीने एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. विनोदाला ठळक, चटकन ओळखू येणारी माणसे लागतात; तेथे लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटून चालत नाही. शिवाय ज्या समाजाला मालिकेत घ्यावे त्याला हसावेही लागणार. भिड्यांना हसले तर भिडे कुलोत्पन्न कोणी मोर्चा आणीत नाहीत. दलित कुटुंब दाखवून त्याची थट्टा केली तर काय होईल? २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून उठलेले वादळ आणि त्यापायी सुहास पळशीकर यांच्या पुण्यातील कार्यालयाची झालेली मोडतोड निर्मात्यांच्या विस्मरणात गेलेली नाही. याच मालिकेतील एका अभिनेत्रीने २०२१ मध्ये मालिकेबाहेर एका चित्रफितीत एका जातीचे नाव हिणकस अर्थाने उच्चारले. पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या आणि तिला क्षमा मागावी लागली. तेव्हा नको तो धोका पत्करण्यापेक्षा त्या वाटेलाच न जाणे बरे, असा हिशेब कोणताही व्यापारी करील.

हिशेब बरोबर असेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. विनोदी मालिकेत माणसाला घेणे म्हणजे त्याला चुका करण्याची मोकळीक देणे. जेठालाल खोटे बोलतो, धंद्यात फसतो, शेजारणीकडे पाहून विरघळतो. भिडे चिक्कूपणा करतात, पोपटलाल कांगावा करतो, सोढी पिऊन येतो. यापैकी कोणाचाही दोष त्याच्या धर्माच्या किंवा जातीच्या खाती टाकला जात नाही. तो त्याचा स्वतःचा दोष असतो आणि भाग संपेपर्यंत त्याला क्षमाही झालेली असते. अब्दुलला ही मोकळीक नाही. तो प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, देशभक्त आहे, सर्वांच्या उपयोगी पडणारा आहे. उभ्या मालिकेत त्याच्याइतका निर्दोष मनुष्य शोधून सापडावयाचा नाही. एवढा निर्दोष माणूस शेजारी असू शकत नाही. तो फार तर पाहुणा असू शकतो. त्याची बायको त्याच्यावर कशावरून रागावते, मुलाच्या अभ्यासावरून घरात कोणते वाद होतात, तो उधारी कशी वसूल करतो, यांभोवती कथानक फिरले तर तो माणूस होईल. पण त्यासाठी आधी त्याला घर द्यावे लागेल.

अमेरिकेत हा वाद पुष्कळ आधी आणि पुष्कळ उघडपणे झाला. ‘फ्रेंड्स’ ही तेथील अत्यंत गाजलेली विनोदी मालिका १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे चालली. ज्या न्यूयॉर्क शहरात गोऱ्या लोकांची संख्या निम्म्याहून कमी, त्या शहरात राहणारे तिचे सहाही नायक-नायिका गोरे होते. कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी ही गोष्ट तेव्हाच बोलून दाखविली होती. नवव्या आणि दहाव्या वर्षांत एक कृष्णवर्णीय स्त्री नऊ भागांपुरती आली. ती जीवाश्मशास्त्राची प्राध्यापिका, देखणी, विदुषी. थोडक्यात, अब्दुलप्रमाणेच जिच्यात काही खोट काढता येऊ नये अशी. मालिकेच्या एक जनक मार्टा कॉफमन यांनी २०२२ मध्ये या उणिवेबद्दल आपल्याला लाज वाटते असे जाहीरपणे सांगितले आणि ब्रँडाइस विद्यापीठात आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाच्या अध्यासनासाठी ४० लाख डॉलर दिले. देणगी मोठी, कबुलीही प्रांजळ. मात्र मालिका संपून तेव्हा अठरा वर्षे लोटली होती. पुढे २०१२ मध्ये ‘गर्ल्स’ ही न्यूयॉर्कच्याच तरुणींची मालिका आली तेव्हा प्रेक्षक एवढे थांबले नाहीत. पहिल्या आठवड्यापासून टीकेची झोड उठली. पुढच्या वर्षी नायिकेला एक कृष्णवर्णीय मित्र मिळाला आणि दोन भागांत तो नाहीसाही झाला. अशा नेमणुकीला मराठीत ‘तोंडदेखली’ हा फार चांगला शब्द आहे.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र-मालिकेतील अपू या दुकानदाराचे. १९९० पासून अमेरिकेतील भारतीय म्हणजे अपू, असे समीकरण तेथील शाळांच्या मैदानांत रूढ झाले. त्याचे हेल काढून बोललेले इंग्रजी गोऱ्या नटाच्या आवाजात ऐकू येई. भारतीय आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये या पात्रावर माहितीपट काढला. बराच काळ चर्चा झाली आणि २०२० मध्ये त्या नटाने, हँक अझारिया यांनी, अपूला यापुढे आवाज देणार नसल्याचे सांगितले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही अपूचा हेल आपल्या मुलांच्या पाठीमागे कसा ऐकू येई ते माहीत आहे. एक फरक मात्र नमूद केला पाहिजे. परक्या देशातल्या त्या दुकानदाराला निदान बायको आहे, एकाच वेळी झालेली आठ मुले आहेत आणि घरही आहे.

मग आपल्याकडे नेहमीच असे होते काय? तसे म्हणता येणार नाही. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ने मराठी घरांना हसविले. ते जग पांढरपेशा पुण्याचे होते आणि आपण अवघा देश दाखवीत आहोत असा त्याचा दावाही नव्हता. चि. वि. जोशी यांनी जे घर पाहिले ते लिहिले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते जिवंत केले. दावाच नव्हता, तेथे फसवणूकही नव्हती. १९८६ मध्ये दिल्ली दूरदर्शनवर आलेल्या ‘नुक्कड’ची गोष्ट मात्र मुद्दाम आठवावी अशी आहे. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांच्या त्या मालिकेत सायकल दुरुस्त करणारा हरी होता, वीजतंत्री गुरू होता, मोलकरीण होती, भिकारी होता, गणपत हवालदार होता, ‘खोपडी’ नावाचा बेवडा होता. आणि या सर्वांचा अड्डा जमे तो कादरभाईच्या हॉटेलात. कादरभाई चिडत असे, उधारीवरून कटकट करी, सर्वांना सुनावी. तोही दुकानदारच होता. परंतु कथा त्याच्या दारात घडत असे आणि बाकीचे त्याच्याकडे येत.

‘नुक्कड’ ते ‘गोकुळधाम’ हा बावीस वर्षांचा प्रवास लेखकांच्या प्रतिभेचा नाही. तो नाक्यापासून फाटकापर्यंतचा प्रवास आहे. नाक्यावर कोणीही उभे राहू शकते. फाटकाच्या आत येण्यासाठी सभासदत्व लागते. या दोन तारखांच्या मधल्या काळात भारतीय दूरचित्रवाणी सरकारी अनुदानातून निघून जाहिरातदारांच्या हाती गेली. जाहिरातदार प्रेक्षक मोजतो तो डोकी मोजून नव्हे. आजची प्रेक्षकमापनाची पद्धत कुटुंबांची जी वर्गवारी करते तिचे निकष दोन आहेत: घरातील मुख्य मिळवत्या व्यक्तीचे शिक्षण, आणि घरात शीतकपाट, धुलाईयंत्र, मोटार यांसारख्या टिकाऊ वस्तूंपैकी किती आहेत. वरच्या वर्गाचे घर जाहिरातदाराला अधिक मोलाचे. मालिका मग स्वाभाविकपणे त्या घराच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसते आणि तेथे जे शेजारी असतात तेच पडद्यावरही येतात. निर्मात्याच्या मनात द्वेष असण्याची येथे गरजच नाही. बाजार आपले काम द्वेषाशिवाय, अगदी सौजन्याने करू शकतो.

तेथे शेजारी कोण असतात, हा प्रश्न मग मालिकेचा राहत नाही, घरबाजाराचा होतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांच्या बाजाराची पाहणी केली आणि २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ती प्रसिद्ध झाली. सारख्याच ऐपतीचे उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम भाडेकरू घर मागावयास गेले असता दलितांना आणि त्याहून अधिक मुस्लिमांना नकार किंवा जाचक अटी पदरी पडल्या. भाडे देण्याची ताकद एकसारखी असताना मालाची किंमत गिऱ्हाइकाच्या नावावरून ठरावी, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात बसत नाही. बाजारात मात्र ते रोज घडते. कायद्याची बाजूही सरळ नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यातील कलम २३ खुल्या सभासदत्वाची हमी देते. उलट २००५ मध्ये गुजरातमधील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखणारी उपविधी वैध ठरविली. बहुतेक सोसायट्यांना मात्र उपविधीपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. दलाल फोनवरच नाव विचारतो आणि पुढे “मालकांनी जागा काढायची नाही असं ठरवलंय” एवढे सांगून मोकळा होतो.

पनवेलसारख्या गावात हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. जुने पनवेल हे बंदराचे आणि घाटाखालच्या बाजारपेठेचे गाव. कोकणातल्या बेने इस्रायलींचे सिनेगॉग येथे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक शतकानुशतके मराठी बोलत आले, आणि आता त्यांतील बहुसंख्य इस्रायलमध्ये आहेत. येथे मोहल्ला आहे, कोळीवाडा आहे, गुजराती-मारवाडी पेढ्या आहेत, भोवती आगरी आणि कराडी गावे आहेत, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घराण्याने १९४८ पर्यंत राज्य केले. लघुभारत म्हणून मिरवावे इतके सारे येथे होते. मात्र जुने गाव काही समतेचे नंदनवन नव्हते. प्रत्येकाची आळी वेगळी होती, पाणवठ्यांचा इतिहास तर आठवूही नये असा आहे. पण बाजार एक होता. मासळी, तांदूळ, कापड घेताना माणसे एकमेकांना घासून चालत. उधारी, भांडण आणि लग्नाची आमंत्रणे या आळीतून त्या आळीत जात.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, आणि भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत देशभरचे लोक आले, ही चांगली गोष्ट झाली. पण येताना त्यांनी, किंवा त्यांच्यासाठी दलालांनी, माणसे पुन्हा वेगळी लावून ठेवली. जाहिरातीतील ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ हे तीन शब्द दिसावयास निरुपद्रवी आहेत. त्या तीन शब्दांनी मुसलमान बाहेर राहतो, दलित बाहेर राहतो, ख्रिस्ती बाहेर राहतो. आणि ज्याच्या आजोबांच्या शेतावर ती इमारत उभी आहे तो आगरी, ज्याच्या खाडीवर भराव पडला तो कोळी, यांच्याही घरात सुकी मासळी भाजली जात असल्यामुळे तेही बाहेर राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला मराठी असल्याच्या कारणावरून एका महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर जो क्षोभ उसळला तो योग्यच होता. त्या दिवसांत पनवेलच्या लोकलमध्येही दुसरा विषय नव्हता. क्षोभ व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांच्या स्वतःच्या सोसायटीत एखादा अब्दुल वरच्या मजल्यावर राहतो, याची मोजदाद मात्र कोणी केली नाही.

मराठी विनोदी कार्यक्रमांनी या बाबतीत पुष्कळ बरी कामगिरी केली आहे, असे समाधान काहींना वाटते, आणि त्याला थोडा आधारही आहे. ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांनी शिवाजी मंदिराच्या परिघाबाहेरचे नट मोठे केले. वऱ्हाडी, मालवणी, आगरी ढंगाची बोली घराघरांत पोहोचविली. तरी बोलीने हसविणे आणि बोलीला हसणे यांत फरक राहतो. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी रंगमंचावर आणले. ते मालवणी माणसाने मालवणी माणसाविषयी लिहिलेले होते. त्यात मालवणी माणसाच्या फजितीला सीमा नाही, पण त्याची मान कुठेही खाली जात नाही. उलट अनेक प्रहसनांत आगरी हेल ऐकू आला की पाठोपाठ गळ्यातली जाड सोनसाखळी आणि जमिनीच्या पैशाची उधळपट्टी येणारच, असे ठरून गेलेले आहे. ज्या माणसाच्या सातबाऱ्यावरून हे शहर उभे राहिले त्याच्या वाट्याला शहराच्या विनोदात एवढेच यावे, हे पनवेल-उरणच्या विद्यार्थ्यांना खटकते. ते वर्गात हसतात, पण त्यांचे हसणे निराळे असते.

आणि रंगाचे काय? मराठीत वर्णभेद नाही असे आपण मोठ्या तोऱ्याने म्हणतो. ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली; सावळ्या मुलीची उपेक्षा हाच तिचा विषय होता. त्या सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी उजळ वर्णाची अभिनेत्री निवडून तिला रंग फासण्यात आला. प्रेक्षकांपैकी काहींनी या विसंगतीवर बोट ठेवले, बहुतेकांना तीत काही वावगे दिसले नाही. ती मालिका विनोदी नव्हती, पण विसंगती विनोदीच होती. गोकुळधामातही अय्यरच्या काळेपणावर आणि बबिताच्या गोरेपणावर, ही जोडी जमलीच कशी यावर, वर्षानुवर्षे हशा वसूल केला गेला आहे. या तमिळ अय्यरची भूमिका करणारे तनुज महाशब्दे हे मध्य प्रदेशातील मराठी कलाकार आहेत, हे कळल्यावर मराठी प्रेक्षकाला कौतुक वाटते. मदुराईच्या प्रेक्षकाला काय वाटत असेल, हा विचार त्या कौतुकाच्या भरात सुचत नाही.

मालिकेच्या चाहत्यांना एवढ्या चिकित्सेचा राग येणे शक्य आहे. दिवसभर फायली उपसून किंवा सहा तासिका शिकवून आलेल्या माणसाने रात्री अर्धा तास हसावे, त्यात कोणी हिशेबाची वही उघडू नये, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. वही मिटून ठेवावयास हरकत नाही. पण मग निखळ विनोदाच्याच दृष्टीने पाहता, निर्मात्यांनी चार हजारांहून अधिक भाग करूनही एक उत्तम भाग वाया घालविला आहे असे दिसते. गोकुळधामात एक सदनिका रिकामी होते. अब्दुलने सोड्यावर आणि किराण्यावर इतक्या वर्षांत चार पैसे गाठीला बांधले आहेत, बँकेने कर्ज मंजूर केले आहे, आणि एका सकाळी तो सभासदत्वाचा अर्ज घेऊन भिडे मास्तरांच्या दारात उभा राहतो. एकमेव सेक्रेटरी कपाटातून सभासदांचे आय नमुन्याचे रजिस्टर काढतात, चष्मा पुसतात आणि अर्जात काही तांत्रिक चूक आहे का ते शोधू लागतात. रात्री अंगणात तातडीची सभा बोलाविली जाते. अब्दुल आत राहावयास आला तर बाहेरचे दुकान कोण चालविणार, या चिंतेने जेठालालला झोप नाही. पोपटलाल हात वर करून काहीतरी ‘कॅन्सल’ करण्याची मागणी करतो. नेमके काय, हे त्याचे त्यालाही ठरविता येत नाही. सोढी म्हणतो, यात सभा कशाला? अय्यर नियम वाचतो. माधवीवहिनी पापड लाटता लाटता नवऱ्याला विचारतात, “अहो, इतकी वर्षं त्याच्याकडचाच सोडा पिताय ना?” भिडे मास्तर ‘आमच्या जमान्यात’ असे म्हणून वाक्य सुरू करतात आणि पुढचे शब्द त्यांना सापडत नाहीत. फाटकाबाहेर अब्दुल दुकानाचे शटर अर्धे ओढून सभा संपण्याची वाट पाहत उभा आहे.